वॉटर्लूची माती

दरवर्षी 18 जूनला, दुपारचे बारा वाजण्याच्या आत, इंग्लंडच्या राजाकडे विंडसरला एक छोटा रेशमी झेंडा पोचवावा लागतो. झेंडा फ्रान्सचा, तिरंगी. आणणारा वेलिंग्टनचा वंशज. हा नजराणा नव्हे, खंड आहे. वॉटर्लूच्या विजयाबद्दल ब्रिटिश पार्लमेंटने 1817 मध्ये वेलिंग्टनला स्ट्रॅटफील्ड से नावाची जमीनजुमल्यासह मोठी हवेली दिली. तिचा वार्षिक खंड म्हणून पैसा नको, धान्य नको, फक्त जिंकलेल्या शत्रूचे एक निशाण. दोनशेहून अधिक वर्षे होऊन गेली, तरी खंडाची ही रीत सुरू आहे.

जिंकणाऱ्याला मिळालेल्या जमिनीचा हिशेब असा दरसाल चोख होतो. पण ज्या जमिनीवर तो विजय मिळाला, तिचे काय झाले? बेल्जियममधल्या त्या चार-पाच किलोमीटर लांबीच्या शेतांचे, त्यातल्या राईच्या पिकाचे, चिखलाचे आणि त्या चिखलात पडलेल्या माणसांचे? वॉटर्लूची स्मृती कशी घडत गेली हे शोधू लागल्यापासून मला सेनापतींपेक्षा त्या मातीचीच गोष्ट जास्त खरी वाटू लागली आहे. ती सरळ नाही. त्या मातीला लोकांनी स्वस्थ पडू दिलेले नाही.

1815 च्या मार्चमध्ये नेपोलियन एल्बा बेटावरून निसटून फ्रान्सच्या किनाऱ्याला लागला आणि 20 मार्चला पॅरिसमध्ये पुन्हा गादीवर बसला. युरोपातल्या सगळ्या मोठ्या सत्ता त्याच्याविरुद्ध एकत्र आल्या. त्यांची सैन्ये चहूबाजूंनी चालून येण्याआधीच जी दोन जवळ आहेत, त्यांना वेगवेगळे गाठून मोडायचे, हा त्याचा डाव. ही दोन सैन्ये बेल्जियममध्ये होती. एक वेलिंग्टनचे, दुसरे प्रशियाचा 72 वर्षांचा म्हातारा सेनानी ब्ल्यूखर याचे. 16 जूनला लिन्यी येथे नेपोलियनने प्रशियनांना हरवले. ब्ल्यूखरचा घोडा गोळी लागून पडला, म्हातारा त्याच्याखाली अडकला आणि फ्रेंच घोडदळ त्याला न ओळखता अंगावरून पुढे गेले. तो वाचला. एवढेच नाही, तर हरलेले सैन्य आपल्या देशाच्या दिशेने माघारी न जाता उत्तरेला वाव्र गावाकडे वळले आणि त्याने वेलिंग्टनला निरोप पाठवला की मी येतो.

पुढे जे घडले ते त्या शब्दावर उभे होते. वेलिंग्टन माँ-सँ-जाँच्या लांबट चढावर लढायला उभा राहिला तो स्वतःच्या बळावर जिंकू म्हणून नव्हे, प्रशियन येईपर्यंत तग धरू म्हणून.

17 तारखेला दुपारपासून पाऊस कोसळू लागला आणि रात्रभर थांबला नाही. दोन्ही सैन्ये उघड्यावर, उभ्या राईच्या शेतात, भिजत बसली. ला हे सांत नावाच्या वाड्यात मुक्कामाला असलेल्या जवानांनी शेकोटीसाठी कोठाराचे मोठे दारच फोडून जाळले. रात्री ऊब मिळाली. दुसऱ्या दिवशी त्याच उघड्या दारात त्यांना छातीचा कोट करून उभे राहावे लागले.

सकाळी पाऊस थांबला, पण माती चिकट लगद्यासारखी झाली होती. तोफा हलत नव्हत्या. शिवाय त्या काळी भरीव तोफगोळा कोरड्या जमिनीवर टप्पे घेत जाई आणि ओळीच्या ओळी कापून काढी. ओल्या मातीत तो पहिल्याच टप्प्याला रुतून बसे. जमीन थोडी वाळू द्यावी असा सल्ला तोफखान्याचा जाणता सेनानी द्रुओ याने दिला, आणि पुढे आयुष्यभर त्याला त्याची खंत वाटत राहिली. विखुरलेल्या पलटणी जागेवर यायलाही वेळ लागलाच. लढाईला तोंड लागले तेव्हा साडेअकरा वाजत आले होते. पण न्यायाने सांगायचे तर त्या मातीने पक्ष घेतला नाही. वाव्रहून येणाऱ्या प्रशियनांच्या तोफाही त्याच चिखलातून ओढाव्या लागत होत्या, आणि तेही ठरल्यापेक्षा बरेच उशिरा पोचले.

त्या सकाळी न्याहारीला नेपोलियनने आपल्या सेनानींना बजावले होते की वेलिंग्टन हा वाईट सेनापती आहे आणि आजचे काम न्याहारी करण्याइतके सोपे आहे. वेलिंग्टनला तो सिपायांचा सेनापती म्हणून हिणवी असेही सांगतात. हे सिपाई म्हणजे हिंदुस्थानातले. इथे मराठी वाचकाने जरा थांबायला हवे, कारण त्या माणसाची घडण ज्या मातीत झाली ती आपली आहे.

बारा वर्षांपूर्वी, 23 सप्टेंबर 1803 रोजी, तेव्हा नुसता आर्थर वेलस्ली असलेल्या या माणसाने आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईजवळ दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजेवर हल्ला केला होता. केळणा आणि जुई या दोन नद्यांमधल्या चिंचोळ्या पट्ट्यात ती लढाई झाली. समोरासमोर दोन गावे दिसतात, त्या अर्थी मधून उतार असणारच, एवढ्या तर्कावर त्याने केळणा ओलांडली. शिंद्यांच्या तोफांनी त्याची माणसे रांगेने आडवी केली. काही मराठा गोलंदाज तोफांच्या बुडाशी मेल्यासारखे पडून राहिले, इंग्रज पलटणी पुढे गेल्या तसे उठले आणि तोफा वळवून पाठीमागून डागू लागले. वेलस्ली जिंकला, पण त्याची दीड हजारांहून अधिक माणसे मेली किंवा घायाळ झाली. पुढे म्हातारपणी त्याला कोणी विचारले की युद्धात तुमच्या हातून झालेले सर्वांत उत्तम काम कोणते, तेव्हा त्याने एकच शब्द उच्चारला. तो वॉटर्लू नव्हता, असई होता.

असईला त्याच्यासमोर शिंद्यांच्या कवायती पलटणींचा म्होरक्या होता पोलमन, हॅनोव्हरचा जर्मन. वॉटर्लूला त्याच हॅनोव्हरच्या माणसांनी वेलिंग्टनसाठी प्राण दिले. हॅनोव्हर आणि ब्रिटन यांचा राजा एकच, म्हणून नेपोलियनने त्यांचा मुलूख घेतल्यावर ही माणसे समुद्र ओलांडून ब्रिटिश सैन्यात भरती झाली होती. त्यांच्या फौजेला राजाची जर्मन सेना म्हणत. रात्री दार जाळून शेकणारे जवान तेच.

ला हे सांतचा वाडा वेलिंग्टनच्या ओळीच्या बरोबर मध्यभागी, हमरस्त्याला लागून. तो राखायला मेजर गेऑर्ग बारिंग आणि त्याचे सुमारे 400 जवान होते. त्यांच्या हातात साध्या बंदुका नव्हत्या, रायफली होत्या, आणि त्यांना लागणारी काडतुसे वेगळी. बारिंगने पुन्हा पुन्हा माणूस पाठवून काडतुसे मागितली. मधूनमधून कुमकेला माणसे आली, काडतुसे आली नाहीत. फ्रेंचांनी कोठाराला आग लावली तेव्हा स्वयंपाकाच्या मोठ्या पातेल्यांतून तळ्याचे पाणी नेऊन ती विझवली. जळालेल्या दाराच्या जागी प्रेतांचा ढीग साचला आणि त्याचाच आडोसा झाला. संध्याकाळी सहाच्या सुमाराला शेवटची काडतुसे संपली आणि बारिंग घरातल्या बोळातून मागे निघाला. त्याच्या मूळच्या 400 पैकी तेव्हा 42 जण त्याच्याबरोबर उरले होते.

बाकीची लढाई अनेकांनी अनेकदा सांगितली आहे. पश्चिमेला हुगुमाँची गढी दिवसभर झुंजली. तिच्या उत्तर दरवाजातून फ्रेंच आत घुसले असता तो पुन्हा रेटून बंद करणाऱ्या मूठभर माणसांचे इंग्लंडने पुढे फार कौतुक केले. दुपारी फ्रेंच सेनानी देर्लों याच्या पायदळाचा हल्ला इंग्रज घोडदळाने मोडला आणि मग ते घोडदळही उतावळेपणाने पुढे जाऊन कापले गेले. चारनंतर मार्शल ने याने हजारो घोडेस्वार चढावर घातले. पायदळ चौकोन करून, बाहेर संगिनी रोखून उभे राहिले आणि घोडे त्या चौकोनांभोवती फिरत राहिले.

पण साडेचारपासून लढाईचे पारडे दुसरीकडेच झुकू लागले होते. फ्रेंचांच्या उजव्या बगलेवर ब्यूलोवच्या हाताखालचे पहिले प्रशियन रानातून बाहेर पडले आणि प्लांसनुआ गावावर आले. हे गाव फ्रेंचांच्या ओळीच्या मागच्या बाजूला. ते वाचवण्यासाठी नेपोलियनला राखीव सैन्य तिकडे पाठवावे लागले, खुद्द शाही गार्डातल्या पलटणीसुद्धा. त्या गावात घराघरात, कबरस्तानात मारामारी झाली आणि गाव अनेकदा या हातातून त्या हातात गेले. प्रशियनांची सुमारे 7,000 माणसे या दिवशी पडली. वेलिंग्टनच्या मधल्या फळीला ला हे सांत पडल्यावर भगदाड पडले होते. ने याने अधिक सैन्य मागितले तेव्हा द्यायला नेपोलियनकडे ते नव्हते. साडेसातच्या सुमाराला शाही गार्डाचे उरलेले सैनिक चढावर आले, मागे हटवले गेले, आणि गार्ड मागे फिरले हे दिसताच फ्रेंच सैन्य उधळले.

रात्री नऊच्या सुमाराला वेलिंग्टन आणि ब्ल्यूखर ला बेल अलियान्स नावाच्या खानावळीजवळ भेटले. त्या नावाचा अर्थ ‘सुंदर युती’. ब्ल्यूखरला वाटले, लढाईला हेच नाव द्यावे. दोन सैन्यांच्या युतीने जिंकली, यापेक्षा योग्य नाव कोणते? वेलिंग्टनने मात्र आपला खलिता जिथून लिहिला त्या मुक्कामाचे नाव दिले, वॉटर्लू. त्या गावात एक गोळीही सुटली नव्हती. ते काही किलोमीटर मागे होते. त्या खलित्यात त्याने प्रशियनांच्या मदतीचे श्रेय मोकळेपणाने दिले, हे नोंदवले पाहिजे. पण नावाने काम केले. बर्लिनमधल्या चौकाला पुढे ‘बेल अलियान्स’ हे नाव मिळाले, हॅनोव्हरमध्ये वॉटर्लूचा उंच स्तंभ उभा राहिला, लंडनमध्ये थेम्सवरच्या नव्या पुलाचे उद्घाटन 1817 च्या 18 जूनला वॉटर्लू या नावाने झाले. प्रत्येकाने आपापली लढाई घरी नेली.

आपल्याकडे पानिपत हा शब्द असाच गावापासून सुटून भाषेत शिरला. धंद्यात, परीक्षेत, निवडणुकीत माणसाचे पानिपत होते. फरक एवढा की पानिपत हरणाऱ्यांच्या भाषेत रुजले आणि वॉटर्लू जिंकणाऱ्यांच्या. हरलेले लोक आठवण वेगळ्या तऱ्हेने जपतात. पानिपतच्या काळा आंब्यापाशी 14 जानेवारीला मराठी माणसे दरवर्षी जमतात, त्यात मेजवानी नसते.

19 जूनच्या सकाळी त्या शेतांत मेलेली आणि घायाळ मिळून 40,000 हून अधिक माणसे पडली होती, आणि त्यांच्यात हजारो घोडे. पहाटे डॉक्टरने वेलिंग्टनला उठवून मृतांची नावे वाचून दाखवली, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरच्या धुळीतून अश्रू ओघळले. त्याच्या पलंगावर त्याचा लाडका सहायक अलेक्झांडर गॉर्डन रात्री मेला होता, म्हणून तो जमिनीवर निजला होता. त्याच्या पत्रांत एक भावना पुन्हा पुन्हा येते: हरलेल्या लढाईनंतर सर्वांत दुःखाची गोष्ट म्हणजे जिंकलेली लढाई. हे शोभेचे बोलणे नव्हते असे मला वाटते. असईच्या रात्री तो गुडघ्यांत डोके घालून बसला होता, तोच हा माणूस.

शेतात मात्र लूट चालू होती. कपडे, बूट, बटणे आणि दात. तरुण, धडधाकट सैनिकांचे दात उपटून दंतवैद्यांना विकले जात आणि त्यांच्या कवळ्या होत. ‘वॉटर्लूचे दात’ ही पुढे बाजारातली ओळखच झाली. काही घायाळ चार-चार दिवस उचलले गेले नाहीत. मृतांना गावकऱ्यांनी उथळ खड्ड्यांत पुरले, काहींना जाळले. चिता पेटवलेल्या हुगुमाँच्या आवारात त्या उन्हाळ्यात पाहुणे येऊ लागले. वॉल्टर स्कॉट ऑगस्टमध्येच येऊन गेला. आलेले लोक गोळ्या, शिरस्त्राणे, चिलखताचे तुकडे विकत घेऊन जात. वॉटर्लू गावात इंग्रज घोडदळाचा सेनानी लॉर्ड अक्सब्रिज याचा कापलेला पाय बागेत पुरला होता. घरमालकाने त्यावर दगड बसवून तो पाहुण्यांना दाखवायला सुरुवात केली. एका पायाला समाधी मिळाली. हजारो अख्ख्या माणसांना मिळाली नाही.

लढलेल्या प्रत्येकाला, शिपायापासून सेनापतीपर्यंत, एकच पदक देण्याची प्रथा ब्रिटिश सैन्यात वॉटर्लूपासून पडली, आणि प्रत्येकाची नोकरी दोन वर्षांनी जास्त धरली गेली. ही न्यायाची गोष्ट होती. पण वर्धापनदिनाचे ताट सर्वांसाठी नव्हते. दर 18 जूनला लंडनमध्ये ॲप्सली हाउसला वेलिंग्टन मेजवानी देई. त्यासाठी खास वॉटर्लू दालन बांधले, पोर्तुगालने भेट दिलेली चांदीची भांडी मांडली जात, खिडकीबाहेर गर्दी जमे. पंगतीला बसणारे सगळे अधिकारी. 1852 मध्ये तो वारला, तोवर ही पंगत दरवर्षी होत राहिली.

या पंगतींच्याच काळात विल्यम सायबॉर्न नावाच्या एका साध्या लेफ्टनंटने वेगळ्याच तऱ्हेने वॉटर्लू जपायचे ठरवले. 1830 मध्ये लष्कराने त्याला रणभूमीची प्रतिकृती करायला सांगितले. हा गृहस्थ ला हे सांतच्या वाड्यात जाऊन आठ महिने राहिला आणि त्याने सगळी जमीन पायाखाली घालून मोजली. मग जिवंत असलेल्या अधिकाऱ्यांना पत्रे पाठवून विचारले: संध्याकाळी सातच्या सुमाराला तुमची पलटण नेमकी कुठे होती, तुमच्यासमोर कोण होते, आणि तुम्ही उभे होता त्या शेतात पीक कोणते होते?

या तिसऱ्या प्रश्नाने मला सायबॉर्न आपलासा वाटतो. पिकाची चौकशी करणारा माणूस विजयाचे चित्र काढत नसतो, जागेची आठवण काढत असतो. शेकडो उत्तरे आली. सरकारने मध्येच पैसे थांबवले, त्याने कर्ज काढून काम पुढे नेले. सुमारे 400 चौरस फुटांच्या त्या मांडणीत राईची शेते, गव्हाची शेते, वाटा, कुंपणे आणि 75,000 च्या आसपास इवल्या सैनिकांच्या आकृत्या होत्या. 1838 मध्ये लंडनच्या पिकॅडिलीतल्या इजिप्शियन हॉलमध्ये ती मांडली, तेव्हा शिलिंग भरून एक लाखाच्या आसपास लोकांनी ती पाहिली.

अडचण झाली ती सात वाजण्याची. तुम्ही घड्याळ सातवर थांबवले की उजव्या बाजूला प्लांसनुआत हजारो प्रशियन दिसणारच. सायबॉर्नने पत्रे वाचून, प्रशियनांकडून माहिती मागवून, ते जिथे होते तिथे मांडले. वेलिंग्टनला आणि त्याच्या भोवतालच्या वजनदार लोकांना हे रुचले नाही. प्रशियनांना या घडीला एवढे महत्त्व देणे चुकीचे आहे, असे त्यांचे म्हणणे. बराच दाब आल्यावर शेवटी सायबॉर्नने सुमारे 40,000 प्रशियन आपल्या मैदानावरून उचलले. ब्ल्यूखरची जी माणसे फ्रेंचांना हटवता आली नव्हती ती लंडनमधल्या टेबलावरून हटवणे जमले. सायबॉर्न 1849 मध्ये कर्जाखालीच गेला. त्याने जमवलेल्या पत्रांतली निवडक पत्रे मुलाने 1891 मध्ये छापली आणि वॉटर्लूवर लिहिणारा प्रत्येक माणूस आजही त्यांच्याकडे जातो. प्रतिकृती लंडनच्या राष्ट्रीय लष्कर संग्रहालयात आहे.

प्रत्यक्ष मैदानाचे हाल त्याहून वाईट झाले. नेदरलंड्सचा राजा पहिला विल्यम याचा मुलगा, ऑरेंजचा राजपुत्र, या लढाईत खांद्याला गोळी लागून जखमी झाला. तो जिथे पडला तिथे स्मारक करावे म्हणून राजाने एक टेकडी उभारायला लावली. ती 1826 मध्ये पुरी झाली. उंची 40 मीटरवर, 226 पायऱ्या, माथ्यावर लोखंडी ओतीव सिंह. एवढी माती आणली कुठून? आजूबाजूच्याच रणभूमीतून. ज्या चढाच्या आडोशाला वेलिंग्टनने आपले पायदळ लपवले, ज्या चढावर घोडदळ दमले, तोच चढ खरवडून टोपल्यांनी वाहून नेला आणि एका जागी ढीग केला. वेलिंग्टनने पुढे हे पाहिले तेव्हा माझे रणमैदान यांनी बिघडवून टाकले असे तो उद्गारला म्हणतात. त्याच्या पलंगावर मेलेल्या गॉर्डनचे स्मारक टेकडीच्या आधी, 1817 मध्ये उभे राहिले होते, म्हणून त्याच्याखालची माती खोदली गेली नाही. आज ते स्मारक एका उंचवट्यावर दिसते. तो उंचवटा कोणी रचलेला नाही. तीच 18 जून 1815 ची जमीन, आणि आजूबाजूची खाली गेली आहे.

एवढे हजारो मृत पुरलेल्या जागी सांगाडे मात्र अगदी थोडे सापडले. 1822 मध्येच लंडनच्या एका वृत्तपत्राने लिहिले होते की युरोपातल्या रणांगणांवरची हाडे हल बंदरात उतरवून यॉर्कशरमध्ये दळली जातात आणि शेतकऱ्यांना खत म्हणून विकली जातात. अलीकडे काही इतिहासकारांनी बेल्जियमच्या दप्तरांत शोधून आणखी एक वाट दाखवली. 1830 च्या दशकात त्या भागात साखरेच्या बिटाची लागवड फोफावली आणि साखरेचे कारखाने निघाले. साखरेचा रस स्वच्छ करायला भाजलेल्या हाडांचा कोळसा लागे. हाडांना भाव आला. 2022 मध्ये या संशोधकांनी मांडले की वॉटर्लूच्या मोठ्या कबरी याच कारणाने खणल्या गेल्या, घोड्यांच्या आणि माणसांच्याही. कबरी उकरणे हा गुन्हा आहे, अशी आठवण स्थानिक नगराध्यक्षाला लोकांना करून द्यावी लागली होती.

हे वाचल्यावर पुस्तक मिटून मी बराच वेळ बसून राहिलो. साखर खाणाऱ्यांना दोष देता येत नाही, शेतकऱ्यालाही नाही. पण विंडसरला दरवर्षी झेंडा जात होता, ॲप्सली हाउसला चांदीची ताटे मांडली जात होती, त्याच वर्षांत हे चालले होते.

शंभर वर्षे झाली ती 18 जून 1915 ला. त्या दिवशी रणभूमी जर्मन सैन्याच्या ताब्यात होती. 1815 मध्ये ज्यांनी येऊन लढाई वाचवली त्या प्रशियनांचे वारस बेल्जियम दाबून बसले होते, आणि इंग्रज व फ्रेंच एका खंदकात शेजारी उभे राहून त्यांच्यावर गोळ्या झाडत होते. शताब्दी साजरी करायची कोणी आणि कोणाविरुद्ध? ती गुपचूप सरली. सव्वाशे वर्षे झाली त्या 18 जून 1940 ला तर फ्रान्स पडले होते. त्याच दिवशी लंडनहून बीबीसीवर चार्ल्स द गॉलने फ्रेंचांना लढत राहण्याची हाक दिली, आणि त्याच दिवशी चर्चिलने पार्लमेंटमध्ये ब्रिटनच्या कसोटीचे भाषण केले. वॉटर्लूच्या तारखेला एक फ्रेंच सेनानी इंग्रजांच्या राजधानीतून फ्रान्स वाचवायला उभा राहिला, या योगायोगापुढे मला दगडी स्मारके फिकी वाटतात.

द्विशताब्दीला, 2015 मध्ये, बेल्जियमने दोन युरोचे स्मारक नाणे काढायचे ठरवले. फ्रान्सने हरकत घेतली की सामायिक चलनावर हे नको, लोकांची मने दुखावतील. 1,80,000 नाणी पाडून तयार होती, ती मोडीत काढावी लागली. मग बेल्जियमने अडीच युरोचे नाणे काढले, जे फक्त त्याच देशात चालेल, म्हणून फ्रान्सच्या संमतीची गरज उरली नाही. त्यावर सिंहाची टेकडी आहे आणि सैन्याच्या रांगा दाखवणाऱ्या रेषा. फ्रान्सला हसणे सोपे आहे, मी हसणार नाही. दोनशे वर्षांनंतरही एका पराभवाची ठसठस राज्यकर्त्यांना जाणवते, याचा अर्थ तिथे लोक इतिहास मनावर घेतात. त्याच जूनमध्ये वेलिंग्टन, ब्ल्यूखर आणि बोनापार्ट घराण्यांच्या वंशजांनी रणभूमीवर एकमेकांचे हात हातात घेतले, आणि जुने गणवेश चढवलेल्या पाच हजारांहून अधिक हौशी लोकांनी त्या शेतांत लढाई पुन्हा उभी केली.

टेकडीशेजारी वाहनतळ करताना 2012 मध्ये एक अख्खा सांगाडा मिळाला होता. त्याच्या बरगड्यांत शिशाची गोळी तशीच होती. तो टेकडीजवळच्या जमिनीखालच्या संग्रहालयात काचेआड ठेवला आहे. त्यानंतर 2015 पासून पुरातत्त्वज्ञांचा एक चमू तिथे खोदकाम करत आला आहे. त्याच्यात आजच्या सैन्यातून शरीराने किंवा मनाने जखमी होऊन बाहेर पडलेले जवानही असतात. 2022 च्या जुलैमध्ये माँ-सँ-जाँच्या वाड्यापाशी त्यांना दुसरा सांगाडा सापडला. हा वाडा म्हणजे वेलिंग्टनचे रणभूमीवरचे इस्पितळ, जिथे दिवसभर हातपाय कापले जात होते. रस्त्याकडेच्या चरात तो माणूस पडून होता. त्याच्याजवळ कापलेल्या अवयवांची हाडे होती आणि घोड्यांचे सांगाडे. खतवाल्यांचे, साखरवाल्यांचे आणि टेकडी रचणाऱ्या टोपल्यांचे हात या चरापर्यंत पोचले नव्हते. हाती लहान थापी आणि कुंचला घेतलेली माणसे चराच्या काठावर गुडघे टेकून बसली आणि त्याच्यावरची माती थोडी थोडी बाजूला करू लागली.